थ्रीडी प्रिंटरच्या कचऱ्यासाठी ग्राइंडर, डबे आणि चार हात हवेत

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातल्या आपल्या वाचनालयाच्या मेकरस्पेसमध्ये मुलांच्या थ्रीडी प्रिंटबरोबर कचराही साठतो. छापताना मॉडेलला आधार देणाऱ्या सपोर्टच्या काड्या, रंग बदलताना निघालेली गुंतवळं, मध्येच बेडवरून सुटून शेवयांचा गठ्ठा झालेली मॉडेलं. भंगारवाला हे घेत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे: पेट बाटल्यांत आपल्या प्रिंटरचं प्लास्टिक, म्हणजे पीएलए, मिसळलं की त्याचा सगळा माल बिघडतो. 'मक्यापासून बनतं ना, मग कुंडीत पुरा,' असं काही पालक सुचवतात. पण त्याला औद्योगिक कंपोस्टमधली ६० अंशांच्या आसपासची धग सतत लागते. कुंडीत ते वर्षानुवर्षं तसंच राहील.

म्हणून पोती भरून ठेवली आहेत. त्यातून पुन्हा फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, काढायचा मोह तूर्त आवरला आहे. तार सलग १.७५ मिलिमीटरचीच यावी लागते. जाडी जरा हलली की प्रिंटर अडतो. चुरा करून, तापवून, दाबून शीट करायची आणि त्यातून कपाटातल्या पुस्तकांना टेकू कापायचे, एवढं मात्र जमण्यासारखं आहे.

मुख्य अडचण ग्राइंडरची. वागळे इस्टेटमधल्या मोल्डिंगवाल्यांकडे रनर (साच्यातून मालाबरोबर निघणारे प्लास्टिकचे उरलेले दांडे) दळायचा जुना, छोटा ग्राइंडर पडून असेल तर तो द्यावा. पात्यांना धार आम्ही लावून घेऊ. मशीन देणं शक्य नसेल तर महिन्यातून एखाद्या दुपारी दळून दिलंत तरी चालेल. फक्त आधी हॉपर, म्हणजे माल टाकायचं तोंड, साफ हवा. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे चार दाणे राहिले तरी शीटमध्ये खडे दिसतात.

घरी प्रिंटर असलेल्यांनी आपला कचराही आणावा, पण फक्त पीएलए, आणि पिशवीवर तसं लिहून. पीईटीजी हा प्रिंटरच्या प्लास्टिकचा दुसरा प्रकार हाताला सारखाच लागतो, मात्र त्याला २३० ते २५० अंश लागतात. पीएलएचं काम २०० च्या आसपास होतं. दोन्ही मिसळले की शीट नीट धरत नाही. रेझिनचे तुकडे कृपया आणूच नका, ते वितळत नाहीत.

चुरा दमट हवेत पाणी धरतो आणि तापवताना बुडबुडे येतात. ठाण्याच्या पावसाळ्यात काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे घट्ट झाकणाचे मोठे डबे हवेत. लोणच्याची बरणी चालेल, वास गेलेला असावा.

ओव्हन, साचे आणि एक्झॉस्ट पंख्यासाठी देणगी वाचनालयाच्या काउंटरवर द्यावी व पावती घ्यावी. कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नयेत.

वस्तू दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ स्वीकारू. त्याच वेळी कचरा निवडायला दोघं-तिघं हवेत. बसून करायचं काम आहे, आजी-आजोबांनाही जमेल.

आपले,
कार्यकारी मंडळ