बांगडी न लागणाऱ्या वाणाबद्दल

सातगाव पठार, ता. आंबेगाव
अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गेल्या साली टोमॅटो उभ्या उभ्या मेला त्याच रानात जूनमध्ये बटाटा लावायचा म्हणतोस, आणि बांगडी, म्हणजे झाड उभं सुकवणारा तो रोग, न लागणारा बटाट्याचा वाण कोणता ते विचारतोस. फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो, पण तू "हो हो" म्हणून पुन्हा तेच करशील. म्हणून बसून लिहितोय.

असा वाण नाही, विलास. विकणारा नाव सांगेल, छातीठोकपणे सांगेल, तरी नाही. कुफरी ज्योती आपण इतकी वर्षं लावतो. १९६८ चा वाण तो, करप्याला दाद देत नाही म्हणून नावाजला, आणि पुढे करप्यानंही त्याला गाठलंच. पण करपा वेगळा नि बांगडी वेगळी. करपा पानावर दिसतो, फवारणी करता येते. बांगडीचा जिवाणू जमिनीतून मुळात शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांतच वाढतो. नळ्या त्याच्या चिकट द्रवानं तुंबतात. खाली ओल असते आणि वर झाड तहानेनं मरतं. तिथवर कुठली फवारणी पोचणार?

आमचं ते साल तुला आठवतं का? पावसानं ओढ दिली होती. दुपारी झाडं मान टाकायची, सकाळी पुन्हा ताठ. पानं हिरवीगार. आबा म्हणाले पाणी कमी पडतंय, आणि विहिरीचं पाणी सरीनं सोडलं. मीही बारं धरलं. एका कोपऱ्यात आठ-दहा झाडं होती, पाण्याबरोबर रोग सरीच्या टोकापर्यंत गेला. काढणीला बटाटा बाहेरून बरा दिसायचा, फक्त डोळ्यांशी माती चिकटलेली. कापला की सालीच्या आत तपकिरी कडं, दाबलं की पांढरट पाझर. ते कडं बघूनच आपल्याकडच्या जुन्या माणसांनी बांगडी हे नाव ठेवलं असणार. देशातली या रोगाची पहिली नोंदसुद्धा १८९२ सालची, आपल्या पुणे जिल्ह्यातलीच आहे. आमच्या आजोबांच्या आधीपासून तो इथं मुक्कामाला आहे.

आरणीत, म्हणजे बटाटा साठवायच्या ढिगात, घातलेला मालही गेला. बांगडीच्या वाटेनं सड शिरते आणि एका बटाट्याचं पाणी खालच्या दहांवर गळतं. आबा आरण उकरत होते तो वास मला अजून येतो. त्यानंतर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

त्या वेळेपासून मी या वाणांच्या मागे लागलो. कोलंबियातल्या फुरेजा जातीच्या बटाट्यात बांगडीला तोंड देण्याची ताकद सापडली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठानं आणि पेरूच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं ती आपल्या नेहमीच्या बटाट्यात आणली. थंड डोंगराळ भागात ती टिकली. उष्ण, सखल रानात मात्र ढासळली. आपल्या खरिपाची माती म्हणजे ऊब आणि ओल दोन्ही, जिवाणूला हवी तशीच.

दुसरी गोष्ट मला याहून धास्तीची वाटते. आफ्रिकेत रवांडा-बुरुंडीकडे क्रूझा १४८ नावाचा वाण आहे. त्याची झाडं बांगडीत फारशी मरत नाहीत. पण जिवाणू बटाट्यात गुपचूप बसून राहतो. असं बेणं स्वच्छ समजून नव्या रानात नेलं की रोगही बरोबर जातो. मरणारं झाड निदान कळवतं तरी. तेव्हा कोणी "आमचा वाण सोसतो" म्हणाला, तर बेणं कुठल्या रानातलं हे आधी विचार. मी वाणाच्या नावाआधी बेण्याचं गाव विचारतो.

आता तुझ्या रानाचं. तिथं या साली बटाटा नको. टोमॅटो, वांगी, मिरचीही नको, सगळी एकाच घरची. मका घे, पुढं कांदा किंवा गहू, असं दोन-तीन वर्षं. आत्ता उन्हाचा तडाखा आहे तोवर खोल नांगरट करून ढेकळं तापू दे. आणि आधी टोमॅटोला तेच झालं होतं का याची खात्री कर. बांधावर आपोआप उगवलेलं एखादं सुकतं झाड मिळालं तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा टांग. बांगडी असेल तर काही मिनिटांत कापातून दुधासारखे धागे खाली उतरतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

बटाटा लावायचाच तर वरच्या माळाच्या तुकड्यात लाव. अंड्याएवढं अख्खं बेणं घे, काप नको. एक रोगट बटाटा कापलेला विळा पुढच्या कितीतरी फोडींना रोग लावतो, आणि आमच्याकडे त्या साली चार बायका एकाच ढिगावर बसल्या होत्या. लावणीला खताबरोबर सरीत ब्लीचिंग पावडर दे, हेक्टरी १२ किलोच्या हिशेबानं. खालच्या रानातलं पाणी वर चढवू नकोस, तिथली अवजारं धुतल्याशिवाय आणू नकोस. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाला कापून टाक म्हणजे साल पक्की होते. आरणीतली निम्मी सड सोललेल्या सालीतूनच सुरू होते असा माझा अनुभव आहे.

तू या बटाट्यावर सोसायटीचं कर्ज काढतोयस, हे वहिनींनी हिला सांगितलं. म्हणून इतकं लांबवलं. रागावू नकोस.

पुढच्या आठवड्यात मी मंचरला बेणं बघायला जाणार आहे. तू मुक्कामालाच ये. पोत्यातले पंधरा-वीस बटाटे कापून बघितल्याशिवाय आपण दोघंही पैसे द्यायचे नाहीत. आबाही येतो म्हणालेत, त्यांचा विळा वेगळा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू