पाटोच्या लायब्ररीतल्या काकांना, ३८१६५४७२९ साठी थँक्यू

काका, नमस्कार. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत खिडकीकडे पेपर वाचत बसता ते तुम्ही. तोंडावर थँक्यू म्हटलं की "अगो बाय, त्यात काय" म्हणून उडवून लावता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी परीक्षेसाठी विभाज्यतेच्या कसोट्या घोकत बसलेले, नि तुम्ही पेपरच्या कडेला पेन्सिलीने नऊ चौकोन काढून पुढ्यात सरकवलेत. १ ते ९ अंक एकेकदाच वापरायचे, पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने भाग जायला हवा, पहिल्या तीनच्याला ३ ने, असं करत करत अख्ख्या संख्येला ९ ने. अंक मांडायच्या तऱ्हा ३,६२,८८०! मला वाटलं कॉम्प्युटरशिवाय काय जमणार नाही. तुम्ही काहीच न बोलता मधल्या चौकोनात ५ लिहिलात आणि परत पेपर उघडलात.

तिथून मात्र सगळं सुटत गेलं. शून्य नाहीच, म्हणजे पाचवा अंक ५ च. सम घरांत सम अंक, विषम घरांत विषम. ४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर असते आणि तिसरा अंक विषम, म्हणून चौथ्या घरात २ किंवा ६ च बसतात, आठव्यातही तेच, मग ४ आणि ८ दुसऱ्या नि सहाव्या घरात जातात. पहिल्या तिघांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, पहिल्या सहांच्याही, म्हणजे मधल्या तिघांच्याही जायलाच हवा, म्हणून मधे २५८ नाहीतर ६५४, तिसरं काही नाहीच! मग ३ आणि ८ च्या कसोट्या लावल्या की फक्त १० संख्या उरतात. ९ तर बघायलाच नको, बेरीज ४५ आहे.

त्या दहात ९८७६५४३२१ पण होती, इतकी सुंदर दिसते की तीच असावी असं फार वाटत होतं, पण ९८७६५४३ ला ७ ने भागलं की बाकी ५ उरते. मी दहाही हाताने भागल्या. ७ च्या परीक्षेत एकच पास झाली, ३८१६५४७ म्हणजे ७ गुणिले ५४५२२१, बरोब्बर. अख्ख्या जगात अशी ३८१६५४७२९ ही एकच संख्या आहे काका, आणि शेवटी शून्य लावलं तर १० ने पण भाग जातो, सगळे दहा अंक वापरून!

उत्तर तुम्हाला ठाऊक होतं, तरी सांगितलं नाहीत, आणि मी विचारत राहिले तरी नुसते हसलात. त्यासाठी खरंच मनापासून आभार. गाईडमधल्या कसोट्या मी आता पाठ करत नाही, त्या का चालतात ते आधी काढते. माझ्या मावसबहिणीला पण घेऊन येणार आहे, तिला मी फक्त नऊ चौकोन दाखवलेत, तेव्हा तिने कितीही विचारलं तरी प्लीज सांगू नका हां.