शिडी माझ्याकडे आहे

पुणे,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या पडवीत शिडी शोधत असाल तर ती तिथे नाही. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दुपारचे जरा पडला होतात, तेव्हा मी मागची सीट पाडून ती गाडीत घातली आणि वरून गोधड्या टाकल्या. आईला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्यावर चिडू नका. निघताना तुमच्या पाया पडले तेव्हाच सांगणार होते, धीर झाला नाही. खंबाटकी उतरेपर्यंत डोळे पुसत होते.

माझ्या पहिल्या पगारातून मीच ती शिडी घेतली होती. जुनी बांबूची डुगडुगायची म्हणून. मे महिन्यात चिकू काढताना तुम्ही या नव्या शिडीवरूनच पडलात आणि मला फोनवर फक्त "जरा घसरलो" एवढंच कळलं. गणपतीत तुम्ही धोतर नेसताना मांडीवरचा डाग दिसला, अजून पूर्ण गेलेला नाही. अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्यांनी रक्त पातळ राहतं, साधा मुका मार लागला तरी आत पसरतं. डोक्याला लागलं असतं तर? हा प्रश्न मला ऑफिसात भर मीटिंगमध्ये येतो, मग पुढचं काही ऐकू येत नाही.

लहानपणी शिडी धरायचं काम माझं होतं. तुम्ही वरून दर दोन मिनिटांनी विचारायचात, "धरलीस ना गं?" मी दोन्ही हातांनी, कधी हनुवटी टेकवून धरायची आणि मला खरंच वाटायचं की माझ्यामुळेच बाबा वर उभे आहेत. आता तुम्ही वर असता आणि खाली कोणी नसतं. मला बाकी काही नाही, हेच सहन होत नाही.

तुमच्या हातून बाग काढून घ्यायची माझी इच्छा नाही, असं चुकूनही मनात आणू नका. गुलाबांच्या छाटणीसाठी एक माळीदादा ठरवलाय, आगाऊ पैसेही दिलेत. कितीतरी वर्षं गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये राबलेला माणूस आहे. तरी मी त्याची परीक्षा घेतली. पाऊस पुरता उघडल्याशिवाय कात्री लावायची नाही, नाहीतर कापलेल्या टोकातून बुरशी शिरून फांदी वरून खाली वाळत येते, हे त्यानं आपणहून सांगितलं. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या कोंबाच्या, पाव इंच वर, तिरका काप, म्हणजे झाड मधून मोकळं राहतं, हेही. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट तो बुडातून काढतो. अगदी तुमच्यासारखाच बोलत होता. तुम्ही खुर्चीवर बसून डोळा दाखवायचा, तो कापेल. तुमच्या ग्लॅडिएटर आणि डबल डिलाइट गुलाबांना तुम्ही सांगाल तेवढंच. आईच्या गुलकंदाच्या गावठी गुलाबाला तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही बजावलंय.

कापलेल्या टोकांना बुरशी लागू नये म्हणून लावायची बोर्डो पेस्ट मी आल्यावर करू. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र. प्लॅस्टिकच्या बादलीत. आई, तुझी पिठाची परात यावेळी कोणी घेणार नाही, नवी बादली मीच आणते.

चिकूसाठी झेला पाठवतेय, फळं खालूनच काढायची जाळी, बांबूला बांधायचा. जमिनीवरून हात पोचेल तेवढेच चिकू आपले, वरचे वटवाघळांना. बाबा, नखानं साल खरवडून आत हिरवं दिसलं तर राहू द्या, हे तुम्हीच शिकवलंत. पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं, तेव्हा तो आपल्या हाताच्या उंचीवर उतरवून घ्यायला काय हरकत आहे? यावर तुम्ही म्हणाल तसं. लिंबाचे पाणसोट, ते सरळ वर जाणारे वांझ फुटवे, तेवढे मी माळीदादाकडून काढून घेईन, त्याच्या काट्यांत तुम्ही वाकायचं नाही.

आता थोडं रागावून सांगते, ऐका. कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे पार्सलनं येतील, गरम होतात म्हणून कपाटात ठेवायचे नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. आणि बाबा, मी गोळ्यांची पट्टी मोजली. गेल्या छाटणीच्या वेळी ओरखड्याचं रक्त थांबेना म्हणून तुम्ही दोन दिवस गोळी चुकवली होतीत, तसंच आताही मधल्या दोन तशाच आहेत. डॉक्टरांना न विचारता एकही गोळी सोडायची नाही. ओरखड्यावर दहा मिनिटं स्वच्छ फडकं दाबून धरायचं, तरी थांबलं नाही तर मला नाही, आधी दवाखान्यात फोन. आई, सकाळच्या चहाबरोबर तू स्वतः गोळी हातावर ठेवत जा.

शिडी आणली म्हणून रागावला असाल तर दोन दिवस रागवा, पण फोन उचला. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

कोजागरीनंतरच्या शनिवारी रात्री मी पोचते. रविवारी सकाळी छाटणी. शिडी बरोबर आणीन, माळीदादा चढेल आणि खाली मी धरीन. तुमची खुर्ची ग्लॅडिएटरपाशी सावलीत मांडू. आई, तोवर यांच्या हाती सिकेटर, छाटणीची कात्री, देऊ नकोस, तांदळाच्या डब्यामागे ठेव. बाबा, हे वाचलंत तरी तिथे बघू नका.

तुमची,
छोटी