आप्पा, ही पतसंस्था नव्हे

तीर्थरूप आई-आप्पा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर ‘सोसायटी’ हा शब्द निघाला आणि आप्पा एकदम गप्प झाले. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, चष्मा लावून.

पुण्यातली नोकरी सोडली, ते आता झालंय. एक तारखेपासून मी बेळगावात, टिळकवाडीत. सिनेमा आणि मालिकांची सबटायटलं करणाऱ्या आम्ही अकराजणांनी सहकारी संस्था काढलीय. काम करणारेच सभासद आणि तेच मालक.

आप्पा, ही पतसंस्था नव्हे. आम्ही कुणाची ठेव घेत नाही, कुणाला कर्ज देत नाही. पतसंस्था बुडाली तेव्हा आपलं जे झालं, ते इथं होण्यासारखंच नाही. संस्था बुडालीच तर माझा दहा हजारांचा शेअर जाईल, त्यापलीकडे काही नाही. घर, रान, तुमचं खातं, कशालाच धक्का नाही. मी कुणाला जामीन राहिले नाही, राहणारही नाही. नोंदणी कर्नाटकाच्या १९९७च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली आहे, त्यात सरकारचं भागभांडवल नसतं. मत माणशी एकच, शेअर कितीही असोत. साखर कारखान्याच्या सभेला जाताना तुम्ही हेच सांगायचात. आणि कामगारांची संस्था टिकत नाही म्हणाल, तर केरळातली उरालुंगल ही मजुरांची संस्था १९२५ची आहे, आजही रस्ते आणि पूल बांधते. इंडियन कॉफी हाऊस १९५७पासून कामगारांच्याच संस्था चालवतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते. गडहिंग्लज आणि चंदगडच्या तिघी आमच्याबरोबरच काम करतात, पण सभासद नाहीत. दोन राज्यांची संस्था करायची तर २००२च्या बहुराज्य कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्यातले किमान पन्नास जण अर्जावर सह्या करायला लागतात. आम्ही सगळे मिळूनच चौदा! तोवर त्यांना दर आमच्याइतकाच, फक्त मत नाही.

आई, तुला हजार बिड्यांमागे पैसे मिळायचे, आम्हाला मिनिटामागे मिळतात. शंभर मिनिटांचा सिनेमा असला तर हजार-बाराशे सबटायटलं होतात. एकजण वेळ लावते, म्हणजे कुठलं वाक्य पडद्यावर कधी येणार आणि कधी जाणार ते. दुसरी भाषांतर करते. तिसरी तपासते, आणि तपासणारी कधीच भाषांतर करणारी नसते, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं. सात सेकंदांवर एकही ओळ ठेवायची नाही, नाहीतर माणूस तीच पुन्हा वाचायला लागतो. दोन सबटायटलांच्या मधे निदान दोन फ्रेमची, म्हणजे सिनेमाच्या दोन सुट्या चित्रांइतकी, फट लागते, त्याशिवाय ओळ बदलली हे डोळ्याला कळत नाही. शेवटी सगळा सिनेमा मोठ्या टीव्हीवर, लांब बसून बघायचा. मोबाइलवर ठीक दिसलेली जोडाक्षरं तिथं फुटलेली सापडतात. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत जतन केली नसेल तर अख्ख्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

‘छाट’ तुला सांगायला नको. खराब म्हणून बिडी छाटायची, पैसे कापायचे आणि ती बिडी ठेवूनही घ्यायची. आमच्याकडेही तेच होतं. सिनेमाची प्रत सेकंदाला २५ फ्रेमची आणि सबटायटलं २४च्या प्रतीवर केलेली असली, तर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो. नट बोलून गप्प होतो आणि ओळी मागून येत राहतात. चुकीची प्रत पाठवणारा मधला दलाल, पण पैसे कापले जायचे सबटायटल करणाऱ्याचे. आता काम घ्यायच्या आधीच आम्ही फ्रेमचा आकडा लेखी मागतो. तो मिळाल्याशिवाय कुणी फाइल उघडत नाही. त्यावरही पैसे कापले, तर तो तोटा एकटीच्या माथी न जाता संस्थेवर पडतो. मला नोकरी सोडावीशी वाटली ती सगळ्यात जास्त याच्यासाठी.

‘हे सगळं मशीन करेल की’ असं आप्पा म्हणाले होते. करतं, आणि कामं कमीही झालीत, ते लपवत नाही. पण कन्नडवरून मराठी करताना बहुतेक वेळा मधे इंग्रजी येते. कन्नडातले नीनु (तू) आणि नीवु (तुम्ही) इंग्रजीत एकच होतात, मग मराठीत सून सासऱ्याला अरेतुरे करते. ‘नानु बरुत्तेने’ बाईनं म्हटलं काय नि बाप्यानं म्हटलं काय, क्रियापद तेच. मशीन लिहितं ‘मी येतो’. पुण्याच्या प्राध्यापक बाईच्या तोंडी ते चूक. पण आई, निपाणीत तू ‘मी येतो’च म्हणतेस, आणि गावाकडच्या पात्राच्या तोंडचं ते वाक्य मुंबईचा तपासनीस ‘येते’ करून टाकतो. त्यातून कन्नडात ‘तायी’ म्हणजे आई. कुठं काय ठेवायचं हे दोन्ही भाषांच्या गल्लीत वाढलेल्यालाच कळतं, आणि अशी माणसं बेळगावात घरोघर आहेत.

पैशाचं सांगते. शंभर रुपये आले तर ७२ काम करणाऱ्यांना, १३ भाडं-वीज-इंटरनेटला, १५ राखीव. बिलं साठ-नव्वद दिवसांनी निघतात, म्हणून आधी राखीवातून वाटायचं आणि मग भरून घ्यायचं. अकराजणांचे एक लाख दहा हजार तीन महिने पुरणार नाहीत, म्हणून पाचजणी जुनी कामं अजून चालू ठेवून आहेत. मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय. तुमचे पैसे पाच तारखेला येतील, पूर्वीइतकेच. खोलीत गीझर आहे, इन्व्हर्टर आहे, खाली खानावळीत भाकरी मिळते. तुझ्यासारखी नाही, पण गरम असते. पुण्याहून महिन्याने यायची, आता दर रविवारी येईन.

आप्पा, मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारनं थिएटरमधल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मजकूर पडद्यावर यावा म्हणून. ते काम आम्ही आता शिकतोय. त्यात नुसतं बोलणं नसतं, ‘[मागे कुकरची शिट्टी]’ असंही लिहायचं असतं. बोलणारा दिसत नसेल तर त्याचं नाव द्यायचं. हे लिहिताना दर वेळी मला तुम्ही टीव्हीसमोर पुढं वाकून बसलेले दिसता. लहानपणी मला मांडीवर घेऊन कन्नड सिनेमा मराठीत सांगायचात, आता माझी पाळी.

पण तोवर कानातलं मशीन कपाटात ठेवायचं नाही. सेलचा कागद सोलल्यावर मिनिटभर थांबा आणि मगच घाला, त्याला हवा लागते. आंघोळीआधी काढा, रात्री सेलचं दार उघडं ठेवा. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आई, खोकला तीन आठवड्यांवर गेलाय, घरचा काढा पुरे झाला. सोमवारी डॉक्टरकडे जायचं, मी बरोबर असेन. नको म्हणू नकोस. आणि माळ्यावरचं सूप खाली काढलंस असं शेजारच्या काकी म्हणाल्या. हात मोकळे राहवत नाहीत, मला कळतं गं. पण तंबाखूची धूळ आता नको. शेंगा निवड, त्याला ते सूप चालेल.

रविवारी पहिल्या निपाणी गाडीनं येतो.

तुमची,
बारकी