रावेन्ना पाहून आलो, आता आपल्या देवळाला टाइल्स नका लावू

संपादक साहेब, नमस्कार.

मी रामटेक तालुक्यातला धानाचा शेतकरी. पोरगी इटलीत बोलोन्याला शिकते, तिच्याकडे गेलो तेव्हा एक दिवस ती मला ट्रेननं रावेन्नाला घेऊन गेली. दिवसभर चर्चच पाहिले, काही तर पंधराशे वर्षांचे जुने, अन् तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरून राहिली आहे म्हणून लिहितो.

सान विताले हे चर्च 547 सालचं. बाहेरून साध्या विटा, आत भिंतीभर काचेच्या बारीक बारीक तुकड्यांची चित्रं, सोनेरी तुकड्यात तर काचेच्या मधात खरा सोन्याचा वर्ख. बाजूलाच गाला प्लासिदिया राणीच्या नावाची लहानशी इमारत आहे, छत गर्द निळं अन् त्यावर सोनेरी तारे, खिडकीला काच नाही, पातळ दगड बसवला आहे त्यातून मधासारखा उजेड येते. पोरगी म्हणाली बाबा, या राणीचा पोरगा लहानपणीच, 425 मध्ये बादशहा झाला अन् राज्य हिनं चालवलं. मी म्हटलं अगं मग ही आपल्या नगरधनच्या प्रभावतीगुप्तासारखीच झाली ना! वाकाटकांची राणी, नवरा वारला, पोरं लहान, कारभार तिनंच पाहिला, अन् काळही थोडाफार तोच. तिकडच्या राणीसाठी जगभरातून लोक येतात, आपली राणी आमच्या गावच्या पोट्ट्यांना नावानंही माहीत नाही, याचं लय वाईट वाटलं.

पण खरं सांगायचं ते पुढच्या चर्चमधलं. सांत आपोलिनारे नुओवो, थिओडोरिक राजानं बांधलेलं. भिंतीवर त्याच्या राजवाड्याचं चित्र आहे, त्यात आधी माणसं होती, पुढं राज्य बदललं तर नव्या लोकांनी ती माणसं काढून तिथं पडदे बसवले. पण खांबांवर आलेले हात तसेच राहून गेले. पोरीनं बोट दाखवलं तेव्हा दिसले, पांढऱ्या खांबावर नुसता हात, माणूस नाही. मी किती वेळ तिथंच उभा होतो.

आमच्या गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. चौकटीवर वेल कोरली आहे, लहानपणी आम्ही तिच्यावरून बोट फिरवायचो, आता ऑइल पेंटचे इतके थर झाले की पान कुठं अन् देठ कुठं समजत नाही. आता आत टाइल्स लावायचं ठरून राहिलं आहे, खोके येऊन पडले आहेत. भक्तीनंच करतात लोक, वर्गणी मीही दिली होती, पण एकदा सिमेंट लागलं की खालचा दगड तसाच्या तसा परत निघत नाही. तिकडं जुनी भिंत जुनीच ठेवतात, झाडून पुसून, उजेड नीट करून. आपणही जाणकार माणसाला दाखवून तेवढंच करावं, पेंट काढायचा तोही त्याला विचारूनच.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. आमच्या इकडे पेपरात आलेलं लोक वाचतात, म्हणून त्याआधी हे छापा एवढीच विनंती.

आपला एक वाचक,
ता. रामटेक, जि. नागपूर