प्रत्येक लांब मिशांचा भुंगा भिरूड नसतो

महोदय,

द्राक्षबागेत लांब मिशांचा कोणताही भुंगा दिसला की त्याला सरसकट 'भिरूड' म्हणण्याची सवय शेतीविषयक लिखाणात रुळली आहे. भिरूड म्हणजे आंबा, अंजीर, फणस पोखरणारा बाटोसेरा रूफोमॅक्युलाटा. द्राक्षाच्या खोडात बहुधा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर नाहीतर स्ट्रोमेशियम बार्बेटम या जातीचा भुंगा असतो. या दोघांचा बंदोबस्त वेगळा. नाव चुकले की बागायतदाराचे कष्ट भलतीकडेच जातात.

रंग आणि आकारावर विसंबू नये. अळीला खाणे कमी पडले तर त्याच जातीचा भुंगा बराच लहान निघतो. अंगावरची लव झिजली की राखाडी भुंगा काळपट दिसतो. मिशाही फसवतात: नराच्या मादीपेक्षा लांब असतात, शिवाय मोडलेल्याही सापडतात.

भुंगा आधी बाजूने पाहावा. भिरूड आणि सेलोस्टर्ना यांचा चेहरा भिंतीसारखा उभा, जबडे सरळ खाली. स्ट्रोमेशियमचे तोंड तिरपे, पुढे झुकलेले. मग डोके आणि पंख यांच्यामधला भाग बघावा. सेलोस्टर्नाला तिथे दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. स्ट्रोमेशियमची बाजू गोलसर, बिनकाट्याची. भिरुडालाही काटे असतात, पण त्याच भागावर वरून दोन तांबूस-पिवळे, घेवड्याच्या दाण्यासारखे वाकडे ठिपके असतात. ते नसतील तर भिरूड म्हणू नये. कोकणात काजूचे खोड पोखरणाऱ्या रोठा नावाच्या भुंग्याला काटा असतो आणि तोंड मात्र तिरपे असते, म्हणून या दोन्ही खुणा मिळूनच पाहाव्यात.

भुंगा हाती लागला नाही तर अळीने कोरलेल्या लाकडाचा भुसा बोलतो. सेलोस्टर्नाची अळी भुसा छिद्रातून बाहेर ढकलते, खोडाच्या बुडाशी त्याचा ढीग साचतो. तिला तारेच्या आकड्याने बाहेर ओढता येते. स्ट्रोमेशियमचा भुसा पिठासारखा, बोगद्यातच घट्ट दाबलेला. बाहेरून खोड धडधाकट वाटते. त्याची मादी सुट्या सालीखाली अंडी घालते, म्हणून साल काढून टाकणे हाच पहिला उपाय. तो वाळक्या लाकडातही वाढतो, तेव्हा छाटलेली जुनी खोडे बांधावर रचून ठेवू नयेत.

आपल्या शेती पानावर भुंग्याचे छायाचित्र छापताना एक वरून आणि एक बाजूने घेतलेले, शेजारी मोजपट्टी ठेवलेले द्यावे. पीक कोणते आणि भुंगा झाडाच्या कोणत्या भागावर होता, हेही खाली लिहावे.

— कीटकशास्त्राचे दोन अभ्यासक, सांगली