गोळ्यांच्या खिडकीमागच्या फार्मासिस्ट सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं, पुढचे कोण?’ म्हणून खिडकीतून मान वर करता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घालत नाही, माझंही नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाची ओळख फोडायची नाही, असा कायदा २०१७ साली झाला. तुम्ही त्याच्या आधीपासूनच मला रांगेत फक्त ‘तांडेल’, म्हणजे मासेमारी बोट चालवणारा, म्हणून हाक मारत आलात. रत्नागिरी जिल्ह्यात तांडेल ढिगाने आहेत, तेव्हा चिंता नाही.

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, समुपदेशक मॅडमनी धीर दिला. त्यांचे उपकार आहेतच. पण ते औषध बोटीवर कसं निभवायचं, हे तुम्ही शिकवलंत. बाकी सगळे ‘रोज ठरल्या वेळी घ्या’ एवढंच सांगत होते. तुम्ही विचारलंत, ‘बोटीवर झोपता कधी?’

तेव्हाच्या गोळीत एफाविरेन्झ नावाचं औषध होतं. ती रात्री झोपताना घ्यायची. आमची रात्र म्हणजे जाळं मारायची नि ओढायची वेळ, आणि सुकाणू माझ्या हातात. गोळी घेतली की डोकं गरगरायचं, डोळा लागलाच तर नको नको ती स्वप्नं. गोळी सोडावी की धंदा, एवढाच प्रश्न माझ्यापुढे उरला होता. तुम्ही आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आलात. म्हणालात, ‘तुमची रात्र दुपारी होते ना, मग गोळी दुपारी. वेळ मात्र रोज तीच. आणि तळलेले बांगडे खाऊन लगेच नको, तेलकटावर हे औषध अंगात जास्त चढतं.’ कागदावर छापलेली सूचना वाचून दाखवणारे पुष्कळ भेटले. ती माझ्या ताटापर्यंत आणणारे तुम्ही एकटेच.

मग डबीचा प्रश्न. ट्रॉलरवर सगळ्यांचं सामान एकाच केबिनमध्ये, लपवायला जागा नाही. मी गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत बांधून न्यायचं ठरवलं होतं. तुम्ही डबीचं झाकण उघडून आतली ओल शोषणारी छोटी पुडी दाखवलीत. खाऱ्या हवेत गोळ्या उघड्या पडल्या तर खराब होतील म्हणालात. ‘बोटीवर काळी चिकटपट्टी असेलच, वायरींना लावता ती. डबीला बाहेरून गुंडाळा.’ तेव्हापासून माझी डबी बोटीच्या कागदपत्रांच्या पेटीत असते, काळी कुळकुळीत. खलाशांना वाटतं, पित्ताच्या गोळ्या आहेत. वाटू दे. उरलेल्या गोळ्या तुम्ही दर वेळी ट्रेमध्ये सारून मोजायचात, आणि धोक्याचा बावटा लागून बोट भलत्याच बंदरात अडकली तर, म्हणून वरच्या काही दिवसांच्या गोळ्या द्यायचात. हे कुठल्या नियमात बसवत होतात, तुम्हालाच ठाऊक.

एकदा मी विचारलं, एका गोळीत तीन औषधं कशाला? तुम्ही उलट विचारलंत, ‘वादळात बोट एका दोरावर बांधता का?’ विषाणू सारखा रूप बदलतो, एका औषधाला चुकवायला तो लवकर शिकतो, तिघांना एकदम चुकवणं त्याला जड जातं. हे मला जन्मभर पुरेल. आणि हे फुकट कसं, असं विचारल्यावर तुम्ही मागे रांग असतानाही सांगितलंत, की परदेशी कंपन्यांची ही औषधं एकेकाळी माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला पडायची. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. आणि एप्रिल २००४ पासून आपलं सरकार मोफत देऊ लागलं. तेव्हापासून डबी हातात घेताना मान खाली जात नाही.

पुढे एफाविरेन्झच्या जागी डोलुटेग्राविर या औषधाची गोळी आली. गरगर गेली, स्वप्नं गेली. मी खूश, तुम्ही मात्र माझ्या खिशातून डोकावणारी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी पाहिलीत. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोलुटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. एआरटीची गोळी आधी, मग निदान दोन तासांनी अ‍ॅसिडिटीची. आणि ती आधी खाल्ली तर मध्ये सहा तास जायला हवेत. कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. हे मला दुसऱ्या कुणीही सांगितलं नव्हतं.

माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे, बायकोची तपासणी निगेटिव्ह आहे. ती तुम्हाला पापलेट पाठवत होती, तुम्ही घेतलं नाहीत. अजून रागावलेली आहे.

आता एक काम. ओळखीतला एक खलाशी पोरगा आहे. त्याला विचारूनच हे लिहितो; कुठल्या बोटीवरचा ते विचारू नका. त्याची नोंदणी झाली आहे, औषध सुरू व्हायचं आहे. मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते, त्याआधी त्याला घेऊन येतो. मराठी त्याला कळत नाही, हिंदीत सांगा. चिकटपट्टी मी दिली आहे. अ‍ॅसिडिटीचं तेवढं तुम्ही समजवा, पोरगा उपाशीपोटी चहावर चहा ढोसतो आणि माझं ऐकत नाही.

आपला,
तांडेल